मॅगी पाच महिने बंद राहून परत आली. तुमचा धंदा किती दिवस तग धरेल?



सातारा-सांगलीकडचे उद्योजक भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, एवढ्या मोठ्या कंपन्या बाजारात आहेत, त्यांच्यापुढे आपला मसाला, आपलं भडंग, आपला जॅम टिकणार का?"

माझं मत सरळ सांगतो. मोठी कंपनी तुम्हाला बुडवायला येणार नाही, तिला तुमचं नावही माहीत नाही. पण ज्या गोष्टींनी मोठ्या कंपन्यांना घाम फुटतो, त्याच गोष्टी एक दिवस तुमच्याही दारात येणार आहेत. कंपनीकडे तेव्हा थांबायला पैसा असतो. तुमच्याकडे असतो का? म्हणून मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी एक आकडा काढा: उद्या विक्री थांबली, तर तुम्ही किती दिवस तग धरू शकता?

मॅगीचं नेमकं काय झालं?

उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या एका नमुन्यात शिसं जास्त आढळल्याचा अहवाल आला. पाकिटावर तर लिहिलं होतं की यात एमएसजी घातलेलं नाही, आणि तपासणीत ते सापडल्याचं सांगितलं गेलं. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून मागे घ्यायला सांगितले. महाराष्ट्रातही बंदी आली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ ला न्यायालयाने बंदी रद्द केली. कारण काय? कंपनीला बाजू मांडायची नीट संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी घातली त्यांना त्या चाचण्यांसाठी आवश्यक मान्यता नव्हती. मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, माल पास झाला आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली.

आता नीट बघा. केस जिंकूनही काय गेलं? पाच महिन्यांची विक्री. ३० हजार टनांहून जास्त माल नष्ट करावा लागला. एप्रिल-जून २०१५ च्या तिमाहीत नेस्ले इंडियाने तोटा दाखवला. तरीही कंपनी उभी राहिली, कारण तिच्याकडे कॉफी होती, चॉकलेट होतं, दूध पावडर होती, वकिलांची फौज होती आणि बँकेत पैसा होता.

तुमच्याकडे एकच प्रॉडक्ट आहे आणि एकच खातं आहे, तेही कॅश क्रेडिटचं. न्याय तुम्हालाही मिळेल हो, पण तो मिळेपर्यंत हप्ता कोण भरणार?

आपल्या भागातले चार धोके

१. पाण्याचा धोका. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत होती. पिढ्यान् पिढ्या ती चालली. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि मोठं नुकसान झालं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पुन्हा पूर आला. तरीही भाडं कमी म्हणून पूरपट्ट्यात तळमजल्याचा गाळा घेणारे लोक आहेतच! गाळा बघायला जाल तेव्हा शेजाऱ्याला एवढंच विचारा, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" आणि विम्याच्या कागदावर पूर लिहिलाय का, साठवलेला माल लिहिलाय का, ते स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी बोलण्यावर राहू नका.

२. कच्च्या मालाचा धोका. २०२३ मध्ये हळदीचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. मसालेवाल्याने दुकानदाराला वर्षभराचा रेट देऊन ठेवला असेल आणि हजारो पाऊचवर एमआरपी छापून घेतली असेल, तर तो प्रत्येक पाकिटामागे घरातून पैसे घालणार. म्हणून पाऊच छापताना एमआरपी, बॅच नंबर आणि तारखेची जागा मोकळी ठेवा, ते नंतर कोडिंग मशीनने मारा. दुकानदाराला रेट देताना मुदत सांगा: "हा रेट महिनाअखेरपर्यंत."

दुसरी बाजू साताऱ्याकडे बघा. पाचगणीची मॅप्रो १९५९ पासून फळांवर धंदा करतेय. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंत मिळते, पण जॅम आणि सिरप वर्षभर विकायचं असतं. म्हणजे वर्षभराच्या फळाचा पैसा थोड्या महिन्यांत अडकतो. हा खेळ खेळत्या भांडवलाचा आहे. कढई कितीही मोठी आणलीत, सीझनमध्ये फळ घ्यायला रोकड नसेल तर ती रिकामीच राहणार.

३. पाकिटावरच्या शब्दांचा धोका. मॅगीच्या प्रकरणात कंपनीला तो एमएसजीचा दावा शेवटी पाकिटावरून काढावा लागला. आपले लोक काय छापतात? "१०० टक्के नैसर्गिक", "केमिकल फ्री", "शुगरच्या पेशंटसाठी उत्तम". कशावरून? शेजारच्या ब्रँडने छापलं म्हणून! जे प्रयोगशाळेच्या कागदावर सिद्ध करता येत नाही ते पाकिटावर लिहू नका. घटकांची यादी, वजन, तारीख, बॅच नंबर आणि १४ अंकी एफएसएसएआय नंबर नीट असला की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

आणि हेही माहीत असू द्या. अधिकाऱ्याने नमुना घेतला तर त्याचे चार भाग होतात. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी लेखी मागणी तुम्ही स्वतःच्या खर्चाने करू शकता. अहवाल विरोधात आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. घाबरून कोऱ्या कागदावर सही करायची गरज नसते.

४. नावाचा धोका. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीत दुधाचा धंदा सुरू केला. पुढे १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधूंचं दुकान उभं राहिलं आणि बाकरवडी घराघरांत गेली. एवढ्या मोठ्या नावालाही २०२५ मध्ये पोलिसांत जावं लागलं. सारख्या नावाने बाकरवडी विकून पाकिटावर आपलीच माहिती वापरल्याची त्यांची तक्रार होती. मग तुमच्या नावाची काय कथा? "अजून धंदा मोठा झाला की ट्रेडमार्क करू" असं म्हणू नका. डिझायनरला पैसे देण्याआधी ते नाव कुणी नोंदवलंय का ते शोधा आणि आपला अर्ज टाका.

आता तो आकडा काढू

समजा तुमचा छोटा मसाला युनिट आहे. महिन्याला गाळ्याचं भाडं ८ हजार, कर्जाचा हप्ता १४ हजार, दोन मावशींची मजुरी १८ हजार, वीज आणि किरकोळ ४ हजार. एकूण ४४ हजार. यात तुमचं घर धरलेलंच नाही. घराला २० हजार धरा. म्हणजे विक्री शून्य झाली तरी महिन्याला ६४ हजार लागणार. बाजूला १ लाख २८ हजार असतील, तर तुम्ही ६० दिवस टिकता. ३२ हजार असतील तर १५ दिवस.

बहुतेकांचा आकडा १५ च्याही खाली येतो. कारण सगळा पैसा मशीनमध्ये गेलेला असतो.

इथेच माझं मत काही जणांना पटत नाही. प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलं होतं. योजना चांगली. पण अनुदान जास्त बसावं म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट फुगवायचा, ३ लाखांत भागणारं काम १२ लाखांवर न्यायचं, हा उलटा हिशोब आहे. ते अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, पहिल्या दिवशी खिशात येत नाही. हप्ता मात्र वेळेवर येतो. माझ्या मते सुरुवातीच्या दोन वर्षांत दळण-भाजणं बाहेरून करून घ्या, मशीन लहान घ्या आणि ६० दिवसांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवा.

"सर, एवढा विचार केला तर धंदा सुरूच होणार नाही," असं कुणीतरी म्हणेलच. होईल ना. थोडा लहान सुरू होईल, एवढंच. लहान सुरू झालेला धंदा वाढवता येतो. कर्जात बुडालेल्या धंद्याबरोबर आईचे दागिने आणि घराचा सातबाराही अडकतो.

या आठवड्याचा होमवर्क

एक वही घ्या. पहिल्या पानावर तुमचा तग धरायचा आकडा लिहा. दुसऱ्या पानापासून बॅचची नोंद सुरू करा: कोणत्या तारखेला कुणाकडून कच्चा माल घेतला, किती पाकिटं झाली, कोणत्या दुकानात गेली. उद्या एका पाकिटाची तक्रार आली, तर ही वही असेल तर ४० पाकिटं परत आणावी लागतील, नसेल तर सगळ्या बाजारातला माल उचलावा लागेल.

तुमचा आकडा किती निघाला, ते कमेंटमध्ये लिहा. १५ निघाला तरी लाजू नका, लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण तो ६० पर्यंत कसा न्यायचा, त्याचाच हिशोब मांडू.