आधी चारा, मग मासा

गोठ्यात जनावर आणण्यापूर्वी चाऱ्याची तजवीज करावी, हा आपल्याकडील पशुपालनाचा जुना दंडक आहे. ज्याच्या बांधावर गवत नाही आणि खळ्यात कडब्याची गंज नाही, अशा माणसाने दुभती म्हैस विकत घेतली तर म्हैस आणि मालक दोघेही अडचणीत येतात. ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. परंतु तोच शेतकरी, किंवा शहरात जाऊन राहिलेला त्याचा मुलगा, मासे पाळू लागला की त्याला या दंडकाचा विसर पडतो. डबीतील कोरडे दाणे टाकले की माशाचे पोट भरते, अशी सर्वत्र समजूत आहे. गोड्या पाण्यातील पुष्कळ माशांच्या बाबतीत ती निभावून जाते. खाऱ्या पाण्यातील नाजूक माशांच्या व विशेषतः त्यांच्या पिलांच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते.

पुण्याच्या दक्षिण भागातील बिबवेवाडीचे उदाहरण घेऊ. एके काळचे हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे आणि गुलटेकडीचे मार्केट यार्ड त्याच्या शेजारीच आहे. येथून समुद्र घाटाखाली सुमारे १०० किलोमीटर दूर. तरीही येथील सदनिकेत आज समुद्री माशांची काचपेटी ठेवता येते. मासे बाजारात मिळतात, समुद्री मीठ पिशवीत मिळते, दिवे व पंपही मिळतात. सहसा मिळत नाही ते एकच, आणि ते म्हणजे माशांना लागणारे जिवंत खाद्य. मँडरिन नावाचा सुंदर मासा दिवसभर खडकावरचे बारीक जीव टिपून खातो. पुढ्यात टाकलेले कोरडे खाद्य बहुधा त्याला अन्न वाटतच नाही. तो भरल्या पेटीत उपाशी मरतो आणि मालक रोगावरचे औषध शोधत फिरतो.

या माशांचा समुद्रातील मुख्य चारा म्हणजे कोपेपॉड. हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला कवचधारी जीव असून त्याची लांबी बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असते. पाय वल्ह्यासारखे, म्हणून शास्त्रीय मराठीत त्यास अरित्रपाद असे नाव आहे. अंड्यातून निघालेले पिलू कात टाकीत सहा बाल्यावस्थांतून व पुढे पाच किशोरावस्थांतून जाऊन प्रौढ होते. उबदार पाण्यात यास जातीप्रमाणे एक ते तीन आठवडे लागतात. नवजात कोपेपॉड अनेक जातींत एक दशांश मिलिमीटरहूनही लहान असतो. मत्स्यबीज केंद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर्टेमियाचे पिलू त्याच्या चौपट-पाचपट मोठे असते. ज्या मत्स्यपिलाचे तोंड सुईच्या टोकाएवढे, त्यास आर्टेमिया देणे म्हणजे वासरापुढे अख्खा ऊस ठेवण्यासारखे आहे. शिवाय समुद्री पिलांच्या डोळ्यांच्या व मेंदूच्या वाढीस आवश्यक असे मेदाम्ल कोपेपॉडच्या अंगी मुळातच विपुल असते. आर्टेमियास ते बाहेरून पाजावे लागते.

येथे एक शंका दूर केली पाहिजे. खेड्यातील वडीलधाऱ्या मंडळींस सायक्लॉप्स हे नाव आठवत असेल. नारू रोगाचा प्रसार पायऱ्यांच्या विहिरींतील याच जिवामार्फत होत असे, आणि तोही कोपेपॉडच होय. दुहेरी कापडातून पाणी गाळून पिण्याचा प्रचार झाला, विहिरी बांधून काढल्या गेल्या. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. ज्या जिवाविरुद्ध आपण इतकी वर्षे लढलो, तोच आता घरात वाढवावयाचा काय, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की, नारूचा वाहक गोड्या पाण्यातला. येथे ज्यांचा विचार करावयाचा त्या जाती खाऱ्या पाण्यातल्या आहेत. विहिरीतला सायक्लॉप्स समुद्राच्या पाण्यात तग धरत नाही. तथापि कोणत्याही संवर्धनाचे पाणी पिण्याच्या पाण्याजवळ नेऊ नये, हा नियम कायम पाळावा.

संवर्धनाची रीत अवघड नाही. ती नियमितपणा मात्र मागते. टिग्रिओपस, टिस्बे किंवा अपोसायक्लॉप्स या काटक जातींपैकी एकीचे विरजण मिळवावे. २० लिटरची, खाद्यपदार्थांस चालणारी स्वच्छ बादली घ्यावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवून त्यात दर लिटरला सुमारे ३० ग्रॅम समुद्री मीठ विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे घटक योग्य प्रमाणात नसतात. पंपाची हवा अगदी मंद, मोठे बुडबुडे सावकाश वर येतील इतपतच सोडावी. जोराच्या खळबळाटाने हे जीव दमतात. खाद्य म्हणून आयसोक्रायसिस किंवा टेट्रासेल्मिस यांसारखे सूक्ष्म शैवाल द्यावे. पाण्यास फिकी छटा येईल एवढेच घालावे आणि ती छटा नाहीशी झाल्याखेरीज पुन्हा घालू नये. नवशिक्याचे संवर्धन उपासाने क्वचित मरते; ते बहुधा अति खाऊ घातल्याने सडते.

पुण्याच्या चैत्र-वैशाखात आणखी एक दक्षता हवी. उन्हाळ्यात बादलीतील पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते आणि क्षारता चढते. अशा वेळी घट भरून काढण्यासाठी खारे नव्हे, गोडे पाणी घालावे. बादली सावलीत, थंड जागी ठेवावी. आठवड्यास एक पंचमांश पाणी बदलावे. काढणी करताना बारीक जाळीच्या गाळणीतून पाणी गाळून जीव वेगळे करावेत, व एका वेळी चतुर्थांशाहून अधिक काढू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बादल्या नेहमी दोन असाव्यात. एक बिघडली तर दुसरीतून विरजण मिळते. शेतकरी सगळे बी एकाच कणगीत ठेवीत नाही, त्यातलाच हा भाग होय.

टाकाऊ पाण्याविषयी शेतीखात्याच्या माणसाने बोललेच पाहिजे. आठवड्यास ४ लिटर पाणी काढले तर त्याबरोबर १२० ग्रॅम मीठ बाहेर पडते. वर्षाकाठी ते ६ किलोंहून अधिक होते. हे पाणी तुळशीच्या कुंडीत, परसातील भाजीत किंवा फळझाडाच्या आळ्यात ओतू नये. क्षाराने जमीन कशी नासते, हे कालव्याखालच्या गावांनी पुरेसे भोगले आहे. ते सांडपाण्याच्या मोरीतच सोडावे. ओढा, तळे व विहीर यांपासून दूर ठेवावे. तसेच, समुद्रघोडा व खडक बांधणारे प्रवाळ यांस वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली २००१ पासून संरक्षण आहे. घरी चारा तयार झाला म्हणून ते आणण्याचा मोह धरू नये.

आता मुख्य मुद्दा. हा उद्योग म्हणून शेतकऱ्यास सुचवावा काय? माझे स्पष्ट मत असे की, विद्या म्हणून अवश्य शिकवावा. कमाईचे साधन म्हणून आज त्याचा डांगोरा पिटू नये. राज्यात इमूपालनाचा २०१२ च्या सुमारास जो बोजवारा उडाला आणि कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली २०१९ मध्ये फसवणुकीच्या ज्या तक्रारी झाल्या, त्या आपण विसरता कामा नये. त्यांत पक्ष्यांचा दोष नव्हता. माल परत घेण्याच्या हमीवर लोकांनी पैसे गुंतवले, आणि घेणाराच उरला नाही. जिवंत खाद्याचे गिऱ्हाईक आज थोडे आहे व तेही शहरांतच आहे. तेव्हा कोणी ‘बादल्या आमच्याकडून घ्या, माल आम्ही उचलू’ असे सांगत गावात आला, तर ग्रामसेवकाने प्रथम त्याचा माल आज कोण विकत घेतो, हे विचारावे.

मग ही विद्या शिकवावयाची कशासाठी? कारण चाऱ्याचा हा नियम काचपेटीपुरता नाही. चेन्नईच्या खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे प्रजनन साधले; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम येथे २०१० मध्ये कोबियाचे व २०११ मध्ये पॉम्पानोचे प्रजनन केले. अंडी मिळवणे हे यातील अर्धेच काम होते. उरलेले अर्धे म्हणजे पहिल्या दिवसांत पिलांच्या तोंडी योग्य घास देणे. रायगडच्या खाडीकाठी जिताडा पाळणाऱ्यास बीज हवे असेल, तर कोठेतरी कोणीतरी त्या बीजाचा चारा वाढविलाच पाहिजे. गोड्या पाण्याच्या शेततळ्यातही तोच न्याय आहे. रोहू-कटल्याची इवली पिले प्राणिप्लवंगांवर जगतात. म्हणून बीज सोडण्यापूर्वी तळ्यात शेणखत घालून प्लवंग तयार करावे, ५० लिटर पाणी बारीक जाळीतून गाळून त्यात १ ते २ मिलिलिटर प्लवंग बसते की नाही हे पाहावे, आणि मगच बीज आणावे. तेथेही तारतम्य हवे. कारण मोठे सायक्लॉप्स फार झाले तर ते नवजात पिलांवरच हल्ला करतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बीजाची पिशवी आधी येते आणि खताचा विचार मागाहून होतो. मग बीज वाईट निघाले, असा बोभाटा होतो.

म्हणून ग्रामसेवक व कृषी सहाय्यक बंधुभगिनींना माझी सूचना आहे की, ज्या शाळेत विज्ञानाची आवड असलेला शिक्षक असेल तेथे अशी एक बादली सुरू करवावी. एक भिंग व एक गाळणी एवढ्यावर मुलांना अंड्यांच्या थैल्या बाळगणारी मादी, तिची पिले आणि त्यांची वाढ डोळ्यांनी पाहता येईल. शहरात ज्यांच्याकडे समुद्री काचपेटी आहे, त्यांनी नवा मासा आणण्याच्या निदान महिनाभर आधी दोन बादल्या लावाव्यात. बादलीतले जीव सतत टिकू लागले नाहीत, तर मासा आणू नये. आणि शेततळ्याच्या धन्याने बीजाची मागणी नोंदविण्याआधी आपले तळे हिरवट झाले आहे काय, हे पाहावे. मुका जीव पदरी घेतला की त्याच्या घासाची जबाबदारीही पदरी पडते. ती त्याला आणण्यापूर्वीच उचललेली बरी.