डुलकी कोणाची?

दारू प्यायलेला चालक पकडणे तसे सोपे आहे. नळीत फुंकायला लावायचे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क निघाला, की मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम लागू! झोपेला मात्र असा आकडा नाही. दोन रात्री जागलेला चालक त्याच नळीत फुंकेल आणि निर्दोष सुटेल.

विज्ञानाने आता यावरही तोड काढली आहे. चालकासमोर छोटा कॅमेरा बसवतात. तो अंधारातही अवरक्त प्रकाशात पापण्यांवर नजर ठेवतो; त्या अधिकाधिक वेळ मिटू लागल्या की घंटा वाजते. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत डुलकीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे.

ती आपल्याकडेही अवश्य यावी. १९ मार्च २०१३ रोजी गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस खेडजवळ जगबुडी नदीत कोसळली आणि ३७ माणसे गेली. कारण काहीही असो, वेळ ध्यानात घ्यावी. पहाटेचे तीन वाजून गेले होते. याच प्रहरी शरीर झोप मागते.

माझी शंका यंत्राबद्दल नाही, घंटा वाजल्यानंतरचे काय, याबद्दल आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. काका हापूसची गाडी चालवतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्रभर सव्वातीनशे किलोमीटर गाडी हाकून पहाटे वाशीचा बाजार गाठायचा, माल उतरवून परत फिरायचे. पुढच्या रात्री पुन्हा तेच. झोप आली हे त्यांना यंत्राने कशाला सांगायला हवे? ते तोंडावर पाणी मारतात, तंबाखू मळतात. थांबत मात्र नाहीत. बाजार चुकला की भाव पडतो, आणि भाव पडला की पुढची खेप दुसऱ्याला मिळते.

असा माणस घंटेची वायरच उपटून टाकील, दुसरे काय! आणि कॅमेऱ्यातली नोंद मालकाच्या टेबलावर गेली, तर ‘याला डुलक्या येतात’ म्हणून नोकरी याचीच जाईल. वास्तविक १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. कोणत्याही धाब्यावर हे वाचून दाखवा, चालक हसतील.

युरोपात मालमोटारींवर घंटेच्या कितीतरी आधी टॅकोग्राफ आला. चालक किती तास गाडीवर आहे हे तो नोंदवतो. साडेचार तासांनी पाऊण तास थांबावेच लागते. आपण नुसती घंटा आणली तर पापणी मोजली जाईल, पाळी नाही. म्हणून प्रत्येक घंटेबरोबर आधीचे तासही नोंदले जावेत आणि पहिला खुलासा गाडीमालकाकडे मागावा.

बरे, थांबायचे तरी कोठे? हातखंब्यापासून पनवेलपर्यंत गाडी उभी करून दोन तास पाठ टेकता येईल अशा जागा काकांना विचारल्या. त्यांनी दोनच सांगितल्या. दोन्ही पेट्रोल पंपांची आवारे.