विश्लेषण : १८९, १९० की ४९१? ऑस्ट्रेलियाच्या पीआरचा कोणता मार्ग कोणासाठी?

‘६५ गुण असतील तर ऑस्ट्रेलियाचा पीआर नक्की,’ असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाइलवर सर्रास दिसतात. त्यातला ६५चा आकडा खरा आहे, ‘नक्की’ हा शब्द मात्र फसवा आहे. ६५ गुण झाले की फक्त रांगेत उभे राहता येते. रांगेतून कोणाला आत बोलवायचे, हे तिथले केंद्र सरकार आणि राज्ये ठरवतात. हा फरक न कळल्याने अनेक जण आधी एजंटची फी भरतात आणि मग मार्ग शोधू लागतात. कोणता व्हिसा, कोणत्या व्यवसायाखाली आणि कोणत्या वयात, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली तर पैसे वाचतात आणि पैशांहून महाग असलेली वर्षेही वाचतात.

तीन मार्ग कोणते?

नोकरीची ऑफर हातात नसताना कौशल्याच्या जोरावर ऑस्ट्रेलियात जाण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. ‘१८९’ हा स्वतंत्र व्हिसा. त्याला कोणत्याही राज्याची शिफारस लागत नाही, मिळताच पीआर मिळतो आणि देशात कुठेही राहता येते. ‘१९०’ साठी एखाद्या राज्याचे नामांकन लागते. त्याचे ५ गुण वाढीव मिळतात, पीआर लगेच मिळतो. मात्र सुरुवातीची दोन वर्षे त्या राज्यात राहावे, अशी अपेक्षा असते.

‘४९१’ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. राज्याचे नामांकन किंवा ‘रिजनल’ भागात राहणाऱ्या पात्र नातेवाइकाची प्रायोजकता असेल तर १५ गुण वाढीव मिळतात. तीन वर्षे त्या भागात राहून, काम करून, कर भरल्याचे दाखले दिले की ‘१९१’ व्हिसाखाली पीआरसाठी अर्ज करता येतो.

तिन्हींसाठी किमान ६५ गुण आणि निमंत्रणाच्या वेळी वय ४५च्या आत, ही अट समान आहे. आधी ‘स्किलसिलेक्ट’ या सरकारी पोर्टलवर इच्छापत्र नोंदवायचे असते. त्याला शुल्क नाही आणि ते दोन वर्षे चालते. निमंत्रण आले तरच ६० दिवसांत व्हिसासाठी अर्ज करता येतो.

गुण कसे मोजले जातात?

वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, ३३ ते ३९ ला २५ आणि ४० ते ४४ ला १५. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणाचे १५, पीएचडीचे २०. आयईएलटीएसमध्ये चारही विभागांत ६ असतील तर पात्रता मिळते, पण गुण शून्य. सगळीकडे ७ असतील तर १० आणि सगळीकडे ८ असतील तर २०. परदेशातील, म्हणजे आपल्यासाठी भारतातील, अनुभव तीन वर्षे झाला की ५, पाच वर्षांना १० आणि आठ वर्षांना १५ गुण. अविवाहितांना १० गुण मिळतात. जोडीदाराचे कौशल्य मूल्यांकन झाले असेल आणि वय व इंग्रजीच्या अटी पूर्ण होत असतील तरीही १०. फक्त इंग्रजीची अट पूर्ण झाली तर ५.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील मेकॅनिकल इंजिनीअर, वय ३१, सहा वर्षांचा अनुभव, आयईएलटीएसमध्ये सगळीकडे ७, पत्नीचे इंग्रजी पुरेसे. वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, अनुभवाचे १० आणि पत्नीचे ५ मिळून ७० होतात. १९० साठी हेच ७५, तर ४९१ साठी ८५. त्याने इंग्रजीत सगळीकडे ८ मिळवले तर प्रत्येक आकडा १०ने वाढतो.

आता तो दोन वर्षे थांबला तर? ३३व्या वर्षी वयाचे ५ गुण कमी होतील, आठ वर्षांच्या अनुभवाचे ५ वाढतील. बेरीज पुन्हा ७०. ‘अनुभव वाढला की गुण वाढतील’ या हिशेबाने थांबणाऱ्याच्या हाती दोन वर्षांनी काहीच वाढीव लागत नाही. पुढे चाळिशी ओलांडली की आणखी १० गुण जातात. म्हणून थांबायचेच असेल तर इंग्रजीसारख्या, खरोखर गुण वाढवणाऱ्या गोष्टीसाठी थांबावे.

मराठीचे पाच गुण

मराठी भाषकांसाठी एक सोय अनेकदा दुर्लक्षित राहते. ‘नाटी’ या ऑस्ट्रेलियातील संस्थेच्या सामुदायिक भाषा चाचणीत मराठीचा समावेश आहे आणि ती उत्तीर्ण झाल्यास ५ गुण मिळतात. इंग्रजी आणि मराठी बोलणाऱ्या दोन व्यक्तींमधले दोन संवाद ऐकून तोंडी भाषांतर करायचे असते. विषय दवाखाना, विमा, शाळा, कायदा असे रोजचे असतात. ९० पैकी ६३ गुण आणि प्रत्येक संवादात किमान २९ लागतात. घरात मराठी बोलतो म्हणून चाचणी सोपी जाईल, असे मात्र नाही. ‘इन्शुरन्स क्लेम’ किंवा ‘ब्लड टेस्ट’ मराठीतून सांगण्याची सवय आज किती जणांना आहे?

आयटीत काम करणाऱ्या ‘कोअर’ इंजिनीअरची अडचण काय?

सगळ्यात जास्त गणिते इथे चुकतात. गुण मोजण्याआधी कौशल्य मूल्यांकन करून घ्यावे लागते. इंजिनीअरचे मूल्यांकन ‘इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया’ करते, आयटी व्यावसायिकाचे ‘ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी’.

मेकॅनिकल किंवा सिव्हिलची पदवी घेऊन आयटी कंपनीत लागलेले तरुण महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. अशा उमेदवाराची पदवी आयटीची नसल्याने कॉम्प्युटर सोसायटी सर्वसाधारणपणे सहा वर्षांचा अनुभव पात्रता सिद्ध करण्यासाठीच खर्ची टाकते आणि वेगळा प्रकल्प अहवालही मागते. आठ वर्षे काम केलेल्याच्या हाती गुणांसाठी दोनच वर्षे उरतात आणि दोन वर्षांना गुण शून्य. आयटीशी निगडित पदवी असेल तरीही साधारण दोन वर्षे वजा होतात. जाहिरातीतले ‘पॉइंट कॅल्क्युलेटर’ ही वजाबाकी सहसा दाखवत नाहीत.

दुसरा पर्याय मूळ शाखेतून मूल्यांकन घेण्याचा. त्यात पदवी उपयोगी पडते, पण आयटीतला अनुभव मोजला जात नाही. शिवाय भारत २०१४ पासून ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य असला तरी त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या ‘टियर-१’ मान्यतेच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. विद्यापीठाशी संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम त्यात बसत नाहीत. तिथल्या पदवीधरांना स्वतःच्या कामावरचे तीन तपशीलवार लेख असलेला क्षमता अहवाल द्यावा लागतो. हे लेख इंटरनेटवरून उचललेले नाहीत ना, याची तपासणी होते. विकत घेतलेला तयार अहवाल इथेच उघडा पडतो.

४९१ हा दुय्यम मार्ग आहे का?

‘थेट पीआर मिळत असताना तात्पुरता व्हिसा कशाला?’ असे अनेक कुटुंबांत बोलले जाते. थेट मिळत असेल तर प्रश्नच नाही, पण जागांचे आकडे पाहायला हवेत. २०२४-२५ च्या १,८५,००० जागांच्या कायमस्वरूपी स्थलांतर कार्यक्रमात १८९ च्या वाट्याला १६,९०० जागा होत्या. राज्य नामांकनाला ३३,००० आणि ४९१ सारख्या रिजनल व्हिसांनाही ३३,०००. म्हणजे सगळ्यांना हवा असलेला दरवाजा सर्वांत अरुंद आहे. त्यातही आरोग्य, शिक्षण आणि बांधकामातील व्यवसायांना तुलनेने कमी गुणांवर निमंत्रण मिळते. आयटी आणि अकाउंटिंगवाल्यांना बरेच जास्त गुण लागतात.

‘रिजनल’ म्हणजे ओसाड खेडे, हाही गैरसमज. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता जवळपास सगळा देश त्यात येतो. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, गोल्ड कोस्ट ही शहरेही. नागरिकत्वासाठी चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते आणि त्यातले शेवटचे वर्ष पीआरवर असावे लागते. ४९१ वर काढलेली वर्षे या चारांत धरली जातात. त्यामुळे नागरिकत्वापर्यंत पोहोचताना होणारा उशीर हा मुख्यतः १९१ च्या मंजुरीला लागणाऱ्या काळाएवढाच असतो.

पण त्याची किंमतही समजून घ्यावी. रिजनल भागात राहण्याची अट जोडीदारालाही लागू असते. त्याची किंवा तिची नोकरी सिडनीतच मिळणारी असेल तर घर दोन ठिकाणी विभागते. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत १८९ किंवा १९० कडे वळता येत नाही. तात्पुरत्या व्हिसाधारकांना १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात तिथे जुने घर विकत घेण्यास बंदी आहे. हे मान्य असेल तर ७०-७५ गुणांवर १८९ ची वाट पाहत इच्छापत्राची दोन वर्षे संपवण्यापेक्षा ४९१ शहाणपणाचा.

नोकरीच्या ऑफरचा मार्ग कोणासाठी?

ज्यांना ऑस्ट्रेलियातील कंपनी बोलावू शकते, त्यांच्यासाठी ‘४८२’ आहे. डिसेंबर २०२४ पासून तो ‘स्किल्स इन डिमांड’ या नावाने चालतो आणि एक वर्षाच्या अनुभवावर मिळू शकतो. प्रायोजक कंपनीत दोन वर्षे काम झाल्यावर ‘१८६’ या पीआर व्हिसाचा मार्ग खुला होतो. नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. ज्यांचे गुण वयामुळे कमी पडतात, पण हाताला मागणी असलेले काम आहे, त्यांनी हा मार्ग आधी तपासावा. मात्र १८६ लाही सर्वसाधारणपणे ४५ची वयोमर्यादा आहे. ४३व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हाती जेमतेम दोन वर्षे असतात.

इतर देशांचे काय?

गुण कमी पडत असतील तर देश बदलून पाहण्यात गैर नाही. कॅनडात ‘एक्स्प्रेस एंट्री’मध्ये विशीतल्या उमेदवाराला वयाचे सर्वाधिक गुण मिळतात आणि तिशीपासून ते दरवर्षी घटतात. मार्च २०२५ पासून तिथे नोकरीच्या ऑफरचे वाढीव गुण बंद झाले आणि फ्रेंच येणाऱ्यांना मात्र स्वतंत्र फेऱ्यांत कमी गुणांवर निमंत्रणे मिळत आहेत. जर्मनीत ब्लू कार्डवर गेलेल्या व्यक्तीला २७ महिन्यांत कायमस्वरूपी परवाना मिळू शकतो, बी-१ पातळीचे जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. भाषेवर दोन वर्षे घालवण्याची तयारी असलेल्यांसाठी हे मार्ग ऑस्ट्रेलियापेक्षा जवळचे ठरू शकतात.

पैसे भरण्याआधी

२०२५-२६ मध्ये १८९, १९० आणि ४९१ साठी मुख्य अर्जदाराचे शुल्क ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. जोडीदार आणि मुलांचे वेगळे. हे पैसे निमंत्रण आल्यावरच भरायचे असतात. त्याआधी ‘व्हिसा फी’ मागणारा एजंट कशाचे पैसे मागतो आहे, हे विचारलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील एजंटला सरकारी नोंदणी बंधनकारक आहे. भारतात बसून सल्ला देणाऱ्याला ती सक्ती नाही. नोंदणीकृत एजंटची नावे सरकारी संकेतस्थळावर तपासता येतात. अनुभवाचे खोटे पत्र जोडले तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय साधारण तीन वर्षांची बंदी येऊ शकते. चाळिशीजवळच्या माणसासाठी तीन वर्षे म्हणजे दरवाजा बंद होण्यासारखेच.

आणखी एक प्रश्न घरात बसून बोलण्याचा आहे. या व्हिसांवर आईवडिलांना सोबत नेता येत नाही. पालकांच्या कायमस्वरूपी व्हिसाची प्रतीक्षा, जास्त पैसे भरूनही, दशकाहून अधिक आहे. तात्पुरत्या ‘८७०’ व्हिसावर ते तीन किंवा पाच वर्षे, एकूण जास्तीत जास्त दहा वर्षे राहू शकतात. गुणांच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना नसतो, पण निर्णयानंतर सर्वाधिक जाणवतो तो हाच.

पीआर घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही, परतीची वाटही राहते. म्हणून हा निर्णय भीतीने किंवा शेजाऱ्याकडे पाहून घेण्याचे कारण नाही. आधी कौशल्य मूल्यांकनाचे नियम वाचावेत, मग इंग्रजीची तयारी करावी, खरे गुण कागदावर मांडावेत आणि त्या आकड्याला साजेसा मार्ग निवडावा. एजंटची गरज लागलीच, तर ती त्यानंतर.