गरिबीआड दडलेले दुखणे

कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात, जेथे एका खोलीत तीन पिढ्या नांदतात अशा घरी, वृद्धांच्या तक्रारी ऐकाव्यात. त्या बहुधा शरीराच्या असतात : छातीत धडधडते, डोके जड राहते, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही. ‘मन उदास आहे’ असे क्वचितच कोणी म्हणते. घरची माणसे समजूत काढतात, ‘गरिबाच्या घरी सुख कोणाला?’ या वाक्यात माया आहे. पण उपचाराची वाट तेच अडवते.

२०१२-१३च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत काढलेले दिवस जालनेकर विसरलेले नाहीत. पाणी, भाडे, उसनवारी यांची चिंता रोजची झाली की झोप मोडते. झोप मोडली की मन खचते, औषधे चुकतात, साखर व रक्तदाब वाढतो आणि खर्चही वाढतो. गरिबी मनाला पोखरते, तर खचलेले मन गरिबी आणखी खोल करते.

दुःखाला कारण आहे, म्हणून तो आजार नव्हे, असे मानू नये. पाय घसरून हाड मोडले, तर कारण ठाऊक असूनही आपण ते बसवून घेतोच. उदासी, निरुत्साह, निद्रानाश, ‘मी घराला ओझे झालो’ असे बोलणे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. मरणाची भाषा आली, तर त्या व्यक्तीस एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत घ्यावी.

पैशांअभावी थांबू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शासकीय केंद्रात विनामूल्य मानसोपचार मिळण्याचा हक्क आहे, हाती कार्ड नसले तरीही. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतून बोलता येते.

औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात; ती स्वतःहून बंद करू नयेत. शुश्रूषा करणाऱ्यांनीही स्वतःच्या झोपेकडे दुर्लक्ष करू नये.

आज सायंकाळी आपल्या घरातील ज्येष्ठांना ‘जेवलात का?’ असे विचारालच. त्यापुढे एवढेच विचारा : ‘रात्री झोप लागते का? मनात काय येते?’ आणि उत्तर पुरे होईपर्यंत शेजारी बसा.