गड एकहाती कधीच नव्हते

१/१२
११ जुलै २०२५. पॅरिस येथील जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी. गुलाल उधळून झाला. आता अवघड प्रश्न उरला आहे : हे गड सांभाळायचे कुणी, आणि कुणाला विचारून?

२/१२
कागदोपत्री उत्तर सोपे आहे. १२ पैकी ८ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे ४ राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. मात्र गडाच्या घेऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचा रकाना या उत्तरात नाही. दर रविवारी गड चढणाऱ्या तरुणांचाही नाही.

३/१२
इतिहास काय सांगतो? सभासद बखरीनुसार शिवकाळात गडाचा कारभार एका माणसाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस व सरनोबत यांनी तो मिळून चालवावा, अशी व्यवस्था होती. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार. वाटून घेतलेली जबाबदारी हीच गडाची खरी तटबंदी होती.

४/१२
तटाच्या आतबाहेरची माणसेही एका जातीची नव्हती. घेऱ्यातील चौक्यापहारे रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड अशा समाजांकडे असत. दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे, पाणी वाहणारे निराळेच. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी गडाचे काम करणाऱ्या हिरोजीचे नाव कोरलेले आहे. बाकीच्या हजारो हातांची नावे कुठेच नाहीत.

५/१२
पन्हाळा पाहा. शिलाहार, बहमनी, आदिलशाही, मराठे असे थरावर थर. तीन दरवाजावर फारसी शिलालेख, सादोबाच्या तळ्याकाठी दर्गा, आणि कवी मोरोपंतांचे जन्मस्थानही हेच. जुलै १६६० मध्ये महाराज वेढ्यातून निसटले, तेव्हा मरणाच्या पालखीत बसला तो नाभिक समाजातील शिवा काशीद. हा गड कुण्या एका समाजाचा ठरवायचा, तर यातले काय काय खोडावे लागेल?

६/१२
पन्हाळा आजही नांदते गाव आहे. तिथे नगरपरिषद आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रण, हा नियम कायद्याने २०१० पासून पक्का केला. शहरातल्या पर्यटकाला तो योग्यच वाटतो. पण ज्याला घराचे गळके छप्पर बदलायचे आहे, त्याला तोच नियम वारशाची भीती शिकवतो. ज्या वारशाची भीती वाटते, तो मनापासून कोण जपेल?

७/१२
खांदेरीची गोष्ट तशीच. १६७९ मध्ये मायनाक भंडारी व त्यांच्या माणसांनी इंग्रज आणि सिद्दी यांच्या आरमारांना न जुमानता बेटावर तट उभा केला. आजही किनाऱ्यावरील कोळी बांधव तिथल्या वेताळाला मानतात. भरती-ओहोटी, खडक, वारा यांचे त्यांचे ज्ञान कोणत्याही अहवालाइतकेच मोलाचे आहे. बेटाच्या नियोजनात ते सल्लागार हवेत. केवळ पर्यटकांची होडी वल्हवणारे नव्हेत.

८/१२
आता तरुणांविषयी. सुट्टीच्या दिवशी टाक्यांतला गाळ उपसणारी, प्लॅस्टिक वेचणारी मुले महाराष्ट्राचे भूषण आहेत. पण ‘सहभाग’ म्हणजे केवळ फुकट श्रम नव्हे. काय करायचे हे ठरवताना ज्याला विचारले जात नाही, तो सहभागी नसतो. तो वेठीचा गडी असतो, मग तो कितीही आनंदाने आलेला असो.

९/१२
दुसरी बाजूही खरी आहे. उत्साहाच्या भरात पडक्या भिंतीला सिमेंट लावणे, वीरगळ हलवणे, परवानगीवाचून खोदणे यांतून पुरावा कायमचा नष्ट होतो. जागचा हललेला दगड इतिहासाच्या दृष्टीने अर्धा मुका होतो. म्हणून तज्ज्ञांचा अंकुश हवाच. पण अंकुश म्हणजे बंद दार नव्हे. शिकवले नाही, तर चुका होणारच.

१०/१२
फावड्याआधी वही उचलावी. गडावरची टेपाडे, पाणवठे, चोरवाटा यांची स्थानिक नावे. जत्रेचे मान कुणाकुणाचे. कोणत्या टाक्याचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. घेऱ्यातल्या आजीच्या ओव्यांत गड कसा येतो. हे टिपायला दगड हलवावा लागत नाही. आणि ही माहिती देणारी पिढी तटबंदीपेक्षा लवकर ढासळते आहे. नोंदीवर माहिती सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, अवश्य असावे.

११/१२
जागतिक वारसा समितीनेही २००७ मध्ये आपल्या धोरणात्मक उद्दिष्टांत ‘समुदाय’ हा पाचवा शब्द जोडला. करार १९७२ चा. माणसे आठवायला ३५ वर्षे लागली! आपण एवढा वेळ घेऊ नये. प्रत्येक गडाच्या व्यवस्थापनात पायथ्याच्या ग्रामसभेला बोलण्याचा हक्क, स्थानिक मुलामुलींना वाटाड्याचे रीतसर प्रशिक्षण, आणि प्रवेशशुल्काचा काही वाटा गावाच्या पाणी-रस्त्यांसाठी, एवढे तरी व्हावे.

१२/१२
शेवटी जिंजी. राजाराम महाराजांनी मोगलांशी झुंज दिली ती तमिळ मुलखातल्या या गडावरून, आणि सभासदाने बखर लिहिली तीही तिथेच, १६९७ च्या सुमारास. शिवचरित्राचा हा पहिला मोठा मराठी आधारग्रंथ तमिळ मातीत सिद्ध झाला. तिथल्या तमिळ मुलाने ‘हा आमचा गड’ म्हटले, तर मराठी मनाला आनंदच व्हायला हवा. वारसा वाटल्याने घटत नाही. राखणारे हात मात्र वाढतात.