उंदराच्या नावात कोंढाणा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, शास्त्रीय नाव म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात. दोष त्यांचा नाही. आपण नाव पाठ करायला देतो, समजून घ्यायला शिकवत नाही.

'मिलार्डिया कोंडाना' हे एका रानउंदराचं नाव बघा. हजेरीपटासारखंच इथेही आधी आडनाव. मिलार्डिया ही प्रजाती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वॉल्टर मिलार्ड यांच्यावरून ते नाव पडलं. कोंडाना ही जाती, म्हणजे आपला कोंढाणा, आजचा सिंहगड! त्या गडावर सापडलेल्या या उंदराची १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी नवी जाती म्हणून नोंद केली.

चौथीत तानाजींची गोष्ट आपण इथे नागपुरातही जोशात शिकवतो. त्याच गडाचं नाव मिरवणारा हा जीव आज संकटग्रस्त आहे, हे मात्र सांगत नाही.

कुणी म्हणेल, उंदीर तर घरोघरी आहेत! अहो, म्हणूनच वर्गीकरण हवं. सगळ्यांना नुसतं 'उंदीर' म्हटलं, तर त्यातला कोणता संपत चाललाय हे कळणार कसं? वेगळं नाव मिळालं, तरच वेगळी काळजी घेता येते.

तेव्हा उद्या फळ्यावर एकच नाव लिहा आणि मुलांना विचारा, यात काय काय दडलंय?