तारेखालचे दात

आठवी-नववीच्या वर्गात दातांना तार लावलेली मुले आम्हाला आता नेहमीच दिसतात. तार गुळगुळीत वाटते. पण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर चरे आणि खड्डे दिसतात. साधारणपणे स्टीलची तार गुळगुळीत, निकेल-टायटॅनियमची जास्त खडबडीत. तोंडातल्या वस्तूचा खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रोमीटरच्या पुढे गेला की जंतूंचा थर अधिक साचतो. हे जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि दातांचे कवच झिजू लागते. मग हजारो रुपये खर्चून दात सरळ होतात, तार निघते आणि पांढरे डाग मागे राहतात. म्हणून पालकहो, रात्री झोपण्यापूर्वी तारेच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून ब्रश फिरवून घ्या. मिसवाक जरूर करावा; पण तारेमागे तो पोहोचत नाही, तिथे बारीक ब्रशच हवा.